तांदळातलं नाव

मला तीन नावं आहेत आणि त्यांतलं एकही मी इथे लिहिणार नाही. मंदीच्या त्या वर्षात मी ती इतक्या खिडक्यांसमोर आणि इतक्या लोकांना समजावून सांगितली आहेत, की अजूनही कोणी गोड आवाजात "आपलं शुभनाव?" असं विचारलं की माझं डोकं सणकतं. विचारणाऱ्याचा त्यात काही दोष नसतो. पण माझाही नव्हता, आणि हे मला तेव्हा कोणीतरी म्हणायला हवं होतं.

सुरुवात झाली ताटातल्या तांदळापासून. आमच्याकडे लग्न लागून नवी सून घरी आली की लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात, नवरा सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, ते मोठ्यानं वाचून दाखवतात आणि मग पेढे वाटतात. मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर होते, नोकरी करत होते, आणि आडनाव बदललं तरी नाव बदलणार नाही असं मी होणाऱ्या नवऱ्याला साखरपुड्याआधीच बजावलं होतं. त्यालाही ते पटलेलं होतं. घोडं अडलं ते भलत्याच ठिकाणी. माझं नाव आणि सासूबाईंचं नाव नेमकं एकच निघालं. सासरे म्हणाले, "एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील? हाक मारली तर दोघी ओ देतील." यावर काय बोलणार? सासूबाई तिथेच उभ्या होत्या, त्याही काही बोलल्या नाहीत. आणि नवऱ्यानं तांदळात एक भलंमोठं, जोडाक्षरांचं नाव लिहून टाकलं.

पेढे संपले, दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात झाला, आणि त्याबरोबर ते नावही संपलं. नंतर ते कोणी तोंडानं उच्चारल्याचं मला आठवत नाही. नवरा मला "अगं" म्हणतो. सासूबाई चारचौघांत "सूनबाई" आणि एरवी "अगं पोरी" म्हणायच्या. माहेरचे आणि मैत्रिणी जुन्याच नावानं हाक मारत राहिल्या. आणि ज्या हाकेच्या भीतीनं एवढं केलं ती हाक त्या घरात कधी ऐकूच आली नाही, कारण सासरे सासूबाईंना "ऐकलंस का" म्हणायचे आणि बाकी सगळे आई म्हणायचे. हे आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं. पण तोवर सासरे कामाला लागले होते.

सासरे सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कागद म्हटला की त्यांना स्फुरण चढायचं. "पुढे घोळ नको" हे त्यांचं पालुपद. पुढे घोळ नको म्हणून त्यांनी लग्नाचा दाखला काढला तोच माझ्या नव्या नावानं. पुढे घोळ नको म्हणून पासपोर्ट त्याच नावानं. आम्ही दुबईला निघालो तेव्हा पुढे घोळ नको म्हणून माझी डिग्री, लग्नाचा दाखला, मुलीच्या जन्माचा दाखला, सगळं मुंबईला स्वतः नेऊन त्यावर जेवढे मारता येतील तेवढे सरकारी शिक्के मारून आणले. डिग्री मात्र जुन्याच नावाची राहिली, कारण विद्यापीठात त्यांच्या ओळखीचं कोणी नव्हतं.

तिसरं नाव माझंच कर्तृत्व. मुलगी झाली तेव्हा नर्सनं बाळाच्या आईचं नाव विचारलं. त्या अवस्थेत माणूस जे सांगेल तेच मी सांगितलं, म्हणजे माहेरचं नाव आणि सासरचं आडनाव. दाखला आणायला नवरा गेला होता. त्याला त्यात काही चूक दिसली नाही. तो मला त्याच नावानं ओळखत होता.

दुबईत पहिली काही वर्षं कोणाचं काही बिघडलं नाही. नवरा एका मोठ्या बांधकाम कंपनीत प्लॅनिंग इंजिनीअर होता. आम्ही दोघी त्याच्या व्हिसावर होतो, म्हणजे तो आमचा स्पॉन्सर. मला सिलिकॉन ओएसिस भागात कंट्रोल पॅनेलची डिझाइनं करणाऱ्या एका लहान कंपनीत नोकरी लागली. नवऱ्याच्या व्हिसावर राहून नोकरी करणाऱ्या तेव्हा पुष्कळजणी होत्या, तशी मीही. पासपोर्टातल्या व्हिसावर व्यवसाय म्हणून "गृहिणी" छापलेलं होतं आणि मी रोज सकाळी सर्किटची ड्रॉइंगं तपासायला जात होते. सगळ्यांचं छान चाललं होतं, त्यामुळे कोणी काही विचारत नव्हतं.

मग मंदी आली. आमच्या बाल्कनीतून दिसणाऱ्या इमारतीवरच्या क्रेन आधी दुपारच्या थांबल्या, मग थांबल्याच. ओळखीतलं आज हे घर, उद्या ते घर गेलं. शनिवारी ज्यांच्याकडे जेवलो ते पुढच्या शनिवारी मायक्रोवेव्ह घेता का विचारायला आले. आणि एके दिवशी नवरा भर दुपारी घरी आला, टायसकट टेबलाशी बसला आणि सकाळी मी भरून दिलेला डबा उघडून पोळीभाजी खायला लागला. मी त्या दिवशी तापामुळे घरी होते. भाजी संपल्यावर तो म्हणाला, "खलास. आमचा अख्खा प्रोजेक्ट बंद. पुढच्या आठवड्यात व्हिसा कॅन्सल करतायत."

ज्यांनी आखातात दिवस काढलेले नाहीत त्यांना या वाक्याचा अर्थ पटकन कळत नाही. नोकरी गेली म्हणजे पगार गेला, एवढंच त्यांना वाटतं. इथे नोकरी गेली की राहण्याचा परवाना जातो. नवऱ्याचा गेला की त्याच्यावर लटकलेल्या बायकामुलांचाही जातो. मग सगळ्यांना मिळून महिनाभराची मुदत, तेवढ्यात दुसरी सोय करा नाहीतर सामान बांधा. आमची मुलगी त्या वर्षी दहावीला होती. बोर्डाचा फॉर्म इथल्या शाळेतून भरलेला होता, परीक्षा चार महिन्यांवर आली होती. मध्येच उठवून पुण्याला नेली असती तर तिचं वर्ष सरळ पाण्यात गेलं असतं.

तिला सांगितलं तर ती म्हणाली, "So basically my whole year is gone? Because of Papa's company?"

"नाही गं, काहीतरी करू," नवरा म्हणाला.

"Like what?" ती म्हणाली.

उत्तर माझ्या ऑफिसात निघालं. आमचा मालक मला कंपनीच्या व्हिसावर घ्यायला तयार झाला. आणि तेव्हाच्या नियमानं बाई नवऱ्याला एरवी स्पॉन्सर करू शकत नसली, तरी ती डॉक्टर, शिक्षिका किंवा इंजिनीअर असेल तर करू शकत होती. मी इंजिनीअर होते! म्हणजे आधी माझा व्हिसा इंजिनीअर म्हणून, मग माझ्या व्हिसावर नवरा आणि मुलगी. मला वाटलं, चला, सुटलो. इतकी वर्षं गृहिणी म्हणून छापून घेतल्यानंतर मला जरा गंमतही वाटली. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "आता मी तुझी स्पॉन्सर." तो हसला, पण फार वेळ नाही.

आमच्या कंपनीची सरकारी कामं बघणारा पीआरओ सुदानी होता. उंच, शांत, कधीही घाईत नसलेला माणूस. त्यानं माझी फाइल उघडली, कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि बराच वेळ बघत बसला.

"मॅडम," तो डिग्रीवर बोट ठेवून म्हणाला, "हू इज धिस लेडी?"

"मी."

"अँड धिस?" लग्नाचा दाखला.

"मीच."

"अँड धिस मदर?" मुलीच्या जन्माचा दाखला.

"तीही मीच."

त्यानं तिन्ही कागद पुन्हा वाचले. मग अतिशय सभ्यपणे त्यानं मला माझी परिस्थिती समजावून सांगितली. एक बाई इंजिनीअर आहे, पण तिचं लग्न झालेलं नाही. दुसरीचं लग्न झालंय, पण ती इंजिनीअर नाही. आणि तिसरीला एक मुलगी आहे, पण ती कोणाची बायको आहे याचा पुरावा नाही. तिन्ही कागद खरे, तिन्हींवर शिक्के पक्के. शिक्के इतके पक्के होते की त्यात आता हात घालायची सोयच नव्हती.

मी त्याला ताट, तांदूळ, अंगठी, सगळं सांगितलं. इंग्रजीत ते किती खुळ्यासारखं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. नवरा बायकोचं नाव भातात लिहितो, असंच मी म्हणत होते. त्यानं मन लावून ऐकून घेतलं आणि विचारलं, "बट व्हाय?"

काय सांगणार! कोणी ओ देऊ नये म्हणून.

तिथून सुरू झाली वणवण. आधी गाठला शारजाचा एक टायपिंगवाला. त्याचं दुकान म्हणजे इमिग्रेशनचे फॉर्म टाइप करून देणारी दोन टेबलं आणि एक झेरॉक्सचं मशीन, पण रुबाब असा की व्हिसा तोच देतो. रत्नागिरीकडचा मुसलमान होता, त्यामुळे निदान मराठीत बोलता आलं.

"ताई, केस जरा टेढी आहे," तो म्हणाला. "तुम्ही लोक पण ना! आमच्यात बघा, मुलीला बापाचं नाव मिळालं ते मरेपर्यंत तेच. शादी झाली तरी तेच. कसला लफडाच नाय."

"आता यावर उपाय सांगा."

"उपाय काय, एकदम सिंपल. हजबंडनं कॉन्सुलेटमध्ये ॲफिडेव्हिट करायचं, की ह्या तिन्ही बायका माझ्याच आहेत. यल्ला, काम खलास. इन्शाल्ला दोन दिवसांत."

नवऱ्यानं हे ऐकलं आणि तो उखडला. त्याचे ते दिवस तसेही वाईट चालले होते. रोज सकाळी दाढी करून, शर्ट घालून तो लॅपटॉपपुढे बसायचा आणि कुठूनही मेल यायचा नाही. "मी काय लिहून देऊ?" तो म्हणाला, "की मला तीन बायका आहेत आणि त्यांतली एक मला पोसणार आहे?"

"नाव कोणी लिहिलं होतं?" मी विचारलं. "अंगठी कोणाच्या हातात होती?"

"बाबांनी सांगितलं म्हणून लिहिलं ना! मला काय स्वप्न पडलं होतं?"

शेवटी तो आला. कॉन्सुलेटमध्ये अर्धा दिवस उभं राहिल्यावर खिडकीतल्या माणसानं सांगितलं, की नवऱ्याचं एकट्याचं चालणार नाही. लग्नाच्या वेळी नाव बदललं हे भारतातून, लग्नाला हजर असलेल्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं मॅजिस्ट्रेटपुढे लिहून द्यायला हवं. त्यावर तिथले शिक्के मारून आणा, मग आम्ही बघू. "टायपिंगवाले कुछ भी बोलते हैं मॅडम," असंही तो म्हणाला. मी टायपिंगवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मी तेच बोललो होतो ताई, तुम्ही नीट ऐकला नाय."

माझे आईवडील तोवर गेलेले होते. वडीलधारे म्हणजे साताऱ्याला सासरे आणि सासूबाई. मला वाटलं, कागदाचं काम म्हटल्यावर सासरे उडी मारून करतील. नवऱ्यानं फोन लावून स्पीकरवर टाकला.

"माझ्या कागदात चूक नाही," सासरे म्हणाले.

"चूक नाही बाबा, पण डिग्रीवर..."

"मग डिग्री चूक आहे. ती बदलून घे म्हणावं तिला. विद्यापीठात अर्ज करायचा, रीतसर पद्धत आहे."

"त्याला सहा महिने लागतात बाबा. इथे महिना नाही राहिला."

"आणि मला एक सांग, हे सगळं करून होणार काय? मुलगा सुनेच्या व्हिसावर राहणार? असलं मी मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन लिहून देऊ? मला गावात ओळखतात." आणि त्यांनी फोन ठेवला. नवरा उठून बाल्कनीत गेला आणि बंद पडलेल्या क्रेनकडे बघत उभा राहिला.

मला त्या क्षणी सगळ्यांचा संताप आला. सासऱ्यांचा, नवऱ्याचा, त्या सुदान्याच्या सभ्यपणाचा, टायपिंगवाल्याच्या इन्शाल्लाचा. पोरगी आत खोलीत दार लावून त्रिकोणमिती करत होती, होणार की नाही हे माहीत नसलेल्या परीक्षेसाठी. आणि ती का अडकली होती? मला कोणी हाक मारली तर चुकून दुसरी बाई ओ देईल, म्हणून.

दुसऱ्या दिवशी सासरे देवळात गेलेले असतील अशा वेळी मी फोन केला. सासूबाईंनी उचलला. मी त्यांच्याशी आवाज चढवून कधी बोलले नव्हते, पण त्या दिवशी माझा तोल गेला.

"आई, हे सगळं कशामुळे झालं, सांगू? तुमचं नाव आणि माझं नाव एक होतं म्हणून. तुमचं नाव घरात होतं, म्हणून माझं काढून घेतलं. आता त्या पायी तुमची नात वर्ष घालवून बसेल, आणि बाबा म्हणतायत कागदात चूक नाही!"

पलीकडे नुसती कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं त्या रडतायत, आणि मला वाईट वाटायला लागलं.

"माझं तरी कुठे होतं गं ते," सासूबाई म्हणाल्या. "मलाही ताटातच मिळालं."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे काय? लग्न झालं तेव्हा ह्यांनी लिहिलं. माझं माहेरचं निराळं होतं. तुझ्या वेळी मी बोलणार होते, की माझंच बदला हवं तर, मला काही त्याचं एवढं नाही. पण सुनेच्या लक्ष्मीपूजनाला सासूनं काय बोलायचं?" मग जिन्यावर पावलं वाजली असावीत. "आले वाटतं. ठेवते," त्या म्हणाल्या.

मी फोन हातात धरून तशीच बसले. ज्या नावाला धक्का लागू नये म्हणून माझं नाव गेलं, ते नाव सासूबाईंचं नव्हतंच. तेही सासऱ्यांनी कधीतरी अंगठीनं लिहिलेलं. दोन्ही ताटांतल्या तांदळाचा भात होऊन गेला होता, आणि त्याचे शिक्के मात्र मी खिडक्याखिडक्यांतून दाखवत फिरत होते. माझ्यावर अन्याय झाला म्हणून मी आजवर मनातल्या मनात त्यांच्यावर रुसून होते. आता रुसायलाही कोणी उरलं नाही, याचा मला जास्तच राग आला.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. जन्मात कचेरीची पायरी न चढलेल्या सासूबाई दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर इस्त्रीचं लुगडं नेसल्या, शेजारच्या बाईंना बरोबर घेतलं आणि रिक्षानं कोर्टात निघाल्या. सासऱ्यांनी कुठे म्हणून विचारलं. "लिहून द्यायला," त्या म्हणाल्या. सासरे म्हणाले, काही गरज नाही. सासूबाई म्हणाल्या, "भात झाकून ठेवलाय," आणि गेल्या.

सासरे तासाभरानं पाठोपाठ कोर्टात पोचले. मन पालटलं म्हणून नव्हे. आपल्या घरातून मसुदा बाहेर जाणार आणि तो कुठलातरी नवशिका वकील लिहिणार, हे त्यांना सहन होईना. त्यांनी चष्मा लावला, वकिलाच्या मसुद्यावर तांबड्या पेनानं काटछाट केली आणि सगळा मजकूर स्वतः सांगितला, सुनेच्या तिन्ही नावांसकट. शेवटी सासूबाईंनी सही केली. वकील बुचकळ्यात पडला, कारण सुनेचं माहेरचं नाव आणि सही करणाऱ्या बाईचं नाव एकच.

"तो म्हणतो, आजी, हे प्रकरण तुमचं स्वतःचंच आहे का?" सासूबाई फोनवर हसत सांगत होत्या. "मी म्हटलं, हो, थोडंसं."

मागून सासऱ्यांचा आवाज आला, "तिला सांग, दोन प्रती केल्यात. पुढे घोळ नको."

त्यावरचे मुंबईतले शिक्के मारून घ्यायलाही सासरेच गेले. तो कागद कुरिअरनं पाठवायला ते तयार नव्हते, हरवला तर? दुबईला येणाऱ्या कोणा ओळखीच्याच्या ओळखीच्याबरोबर तो आला, चिवड्याच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. पीआरओनं तो वाचला, त्याला आलेला चिवड्याचा वास घेतला आणि पहिल्यांदाच हसला. "नाऊ ऑल लेडीज आर वन लेडी," तो म्हणाला.

माझा व्हिसा झाला. मग नवऱ्याचा आणि मुलीचा अर्ज घेऊन आम्ही इमिग्रेशनला गेलो, मुदत अगदी काठावर आलेली. बायकांच्या काउंटरसमोर मी टोकन घेऊन बसले, नवरा मागे उभा. आत बसलेल्या बाईनं टोकनांचं मशीन बंद पडल्यामुळे नावं पुकारायला सुरुवात केली. पुकारता पुकारता तिनं एक लांबलचक जोडाक्षरी नाव कसंबसं उच्चारलं. कोणी उठलं नाही. तिनं पुन्हा पुकारलं. कोण बाई आहे, झोपली की काय, असं माझ्या मनात आलं. तिनं तो अर्ज बाजूला ठेवला आणि पुढचा उचलला.

"अगं, तू!" नवरा मागून ओरडला. "तुला बोलावतायत!"

मी धावले. काउंटरवरच्या बाईनं माझा पासपोर्ट बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "यू डोन्ट नो युअर नेम?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "सॉरी." दुसरं काय म्हणणार? तिनं मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे हनुवटीनं खूण करून विचारलं, "यू आर हिज स्पॉन्सर?" मी हो म्हटलं. "प्रोफेशन?" "इंजिनीअर." तिनं डिग्री बघितली, लग्नाचा दाखला बघितला, सासूबाईंचं प्रतिज्ञापत्र बघितलं, आणि शिक्का मारला. बाहेर आल्यावर नवरा ते नाव दोनदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघत होता. "चांगलं होतं की गं," तो म्हणाला. मी त्याच्याशी गाडीत बसेपर्यंत बोलले नाही.

मुलगी परीक्षेला बसली, पासही झाली. निकालाच्या दिवशी "Thanks for all the drama, Mamma," म्हणाली आणि मैत्रिणींबरोबर निघून गेली. तिच्या बापाच्या व्हिसावर "या व्हिसावर नोकरी करता येणार नाही" असा मजकूर होता. तो त्यानं वर्षभर इमानेइतबारे पाळला. भाजी आणली, माझा डबा भरला, आणि डब्यात मीठ विसरला की "गृहिणी नवीन आहे" असं सांगायचा. मग जबल अलीच्या एका गोदामांच्या कंपनीत त्याला काम मिळालं आणि त्याचा वेगळा व्हिसा झाला. मी त्याच्या व्हिसावर परत गेले नाही. सासऱ्यांनी फोनवर एकदा विचारलं होतं, "आता पूर्ववत करून घेताय ना?" मी म्हटलं, "नको बाबा, पुढे घोळ होईल."

काही वर्षांनी सासरे गेले. साताऱ्याच्या घरात सासूबाई एकट्या राहिल्या, तेव्हा नवऱ्यानं त्यांना इकडे आणायचं ठरवलं. आईला स्पॉन्सर करायचं म्हणजे बायकोमुलांपेक्षाही जास्त कटकट, आणि कागदांच्या बाबतीत आता आमच्या घरची हेडक्लार्क मीच होते. त्यांचा पासपोर्ट, सासऱ्यांच्या मृत्यूचा दाखला, नवऱ्याचा जन्माचा दाखला, सगळ्यांवर त्यांचं एकच नाव होतं. माहेरच्या नावाचा एकही कागद शिल्लक नव्हता. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि मग तो टाकल्याचं मला कसंसंच वाटलं.

शेवटी व्हिसासाठीच्या वैद्यकीय तपासणीला मी त्यांना घेऊन गेले. बायकांच्या हॉलमध्ये आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. सासूबाई पदर सावरून समोरच्या फिलिपिनो मुलींच्या गप्पा कौतुकानं बघत होत्या. आतून नर्स आली आणि तिनं नाव पुकारलं. आधी नाव, मग आडनाव.

मी उठले. "यस," म्हटलं, आणि दोन पावलं पुढेही गेले. नर्स माझ्याकडे आणि हातातल्या फोटोकडे आळीपाळीनं बघायला लागली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी मागे वळले. सासूबाई जागच्या हललेल्या नव्हत्या.

"आई, उठा. तुमचं नाव घेतलं."

"माझं होय?" त्या म्हणाल्या. "तू उठलीस, मला वाटलं तुला बोलावलं." मग गुडघ्यावर हात टेकून त्या सावकाश उठल्या. "तुझंच आहे गं ते. मी आपली वापरत होते इतकी वर्षं."

मी त्यांचा हात धरला आणि जे फोनवर विचारायचं राहिलं होतं ते तिथे, त्या हॉलच्या मध्ये उभी राहून विचारलं. "मग तुमचं कुठलं?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं, जणू सासरे कुठे जवळपास असावेत. मग माझ्या कानाशी येऊन हळूच सांगितलं. दोनच अक्षरांचं, साधं नाव. नर्स दार धरून उभी होती. सासूबाई तिच्यामागे आत निघाल्या, आणि दारातून वळून मला म्हणाल्या, "कुठे लिहू नकोस हं. पुढे घोळ नको."